हा पासवर्ड तुम्ही आधी वापरला आहे

फोनच्या काचा बदलायचं माझं दुकान
कुताइसीच्या मंडईमागे, अक्रोडवाल्या बाईला लागून.
काचा बदलतो, बॅटऱ्या बदलतो,
आणि पाटीवर लिहिलेलं नसलं तरी
लोकांचे विसरलेले पासवर्डही बदलून देतो.
त्याचे पैसे घेत नाही. लोक अक्रोड ठेवून जातात.

मंगळवारी त्सिआला आली.
जन्मभर शिवणकाम, बोटांची टोकं इतकी खरखरीत
की फोनला तिचा अंगठा ओळखू येत नाही.
गॅसचं बिल बघायचंय, म्हणाली, आत घेत नाही मेलं.
पासवर्ड काय होता?
"माहीत असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते?"
तेही खरंच.

'पासवर्ड विसरलात?' या ओळीवर बोट ठेवलं.
किती अदबीनं विचारतात.
विसरल्यावर घरी कुणी असं विचारत नाही.

कोड गेला नोंदवलेल्या नंबरावर.
नंबर मुलीचा, मारेखचा. मारेख इटलीत, बारी शहरात,
दुसऱ्या कुणाच्या तरी आईला आंघोळ घालत होती.
सहा आकडे तिच्या एप्रनच्या खिशात जाऊन पडले
आणि इथे आमची दहा मिनिटं सुरू झाली.

माझ्या फोनवरून लावला. वाजून वाजून थांबला.
पुन्हा लावला.
त्सिआला उठली, बसली,
शेजारी जाऊन उगाच अक्रोडांचा भाव विचारून आली.
सातव्या मिनिटाला आवाज, मागे नळ वाहता:
आई, चार. शून्य. शून्य.
"जेवलीस का?"
नऊ, आई. दोन. सात. ठेवते.

नवा पासवर्ड टाका.
किमान आठ अक्षरं, त्यात एक आकडा, त्यात एक मोठं अक्षर.
"मोठं म्हणजे केवढं?"
आमच्या लिपीत मोठं अक्षर नसतंच.
राजा लिहा की राजमा,
सुरुवात तेवढ्याच उंचीची.
मी इंग्रजी कीबोर्ड लावून दिला, शिफ्ट कुठे ते दाखवलं
आणि रस्त्याकडे तोंड केलं.
आमच्या धंद्यात एवढी रीत पाळतात.

टक्.
बराच वेळ काही नाही.
टक्.
असं अकरा वेळा.
मग लाल अक्षरात:
हा पासवर्ड तुम्ही आधी वापरला आहे.

"म्हणजे?"
म्हणजे हाच होता.
"कोणता?"
आत्ता टाकलात तो. आठवत नव्हता तो.

ती त्या काळ्या ठिपक्यांकडे बघत राहिली.
अकरा ठिपके, एका रांगेत,
धावदोरा उलट बाजूनं दिसावा तसे.
"मी तर नवा शोधला होता," म्हणाली.
"चांगला विचार करून."

म्हटलं, सुटलात की. आता मागे जा,
हाच टाका, दार उघडेल, नवं काही करायला नको.
ऐकेना.
"बहात्तर वर्षं झाली. हे तुझं वापरून झालंय बाई,
असं तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं मला."
आणि पुन्हा टक्. या वेळी मात्र भराभर,
पायमशीन उतारावर सोडल्यासारखं.
हिरवी खूण आली.

बिल निघालं बेचाळीस लारी.
"चोर," ती म्हणाली, कंपनीला की मला, कळलं नाही.

वहीत लिहून ठेवा, मी सांगितलं.
तिनं लिहिलं, हातानं आडोसा करून,
परीक्षेत हुशार पोरं करतात तसा.
वही मिटताना नको तरी दिसलंच.
पासवर्ड नव्हता.
तारीख होती, आणि खाली: जुना नको.

म्हणजे महिन्याभरात परत येणार.
पाच अक्रोड ठेवून गेली, त्यातला एक किडका.

संध्याकाळी शटर अर्ध्यावर असताना
माझ्या फोनवर बारीहून मेसेज आला.
यात आकडे नव्हते.
'तिला सांगा, आत्ता जेवले.'