धुरळ्याच्या मागनं

पत्रकावर छापलं होतं : वाळवंट.
आमच्यात वाळवंट म्हणजे नदीचंच एक अंग,
पाणी गावाला गेलं की उरतं ते.
नाशिकच्या दातांच्या डॉक्टरांना हे मी
मुनवळ्ळीच्या पुलावर सांगितलं.
मग पैसे परत का, म्हणाले,
खरं हसत म्हणाले.

अकरा गाड्या. पुढे सुभेदार कंग्राळकर,
पलटणीचं टपाल मोटारसायकलवरनं पोचवलं
बावीस वर्षं. अजून वळणावर हात असा काढतात
की वाटतं कुणाला तरी पाकीट देणार.
सगळ्यात मागं मी, भरमा हलगेकर,
उद्यमबागेत गॅरेज, टाकीवर पाने-पकडीची पिशवी.
मला सांगितलेलं काम एकच :
माझ्या मागं कुणी राहू नये.

सौंदत्तीच्या अलीकडं धरण मे महिन्यात मागं सरतं,
तळ उघडा पडतो. भेगा, शिंपले,
बुडालेल्या कुठल्याशा विहिरीचं तोंड.
तिथनं रेस गेली.
गेली म्हणजे आवाज आला,
आधी गोमाशीचा, मग पिठाच्या गिरणीचा,
मग नुसता धुरळा, दातांत.
अनसूया मगदूम घड्याळ बघत होत्या. नऊ सेकंद.
इचलकरंजीत सूत विकतात त्या, हिशेब पक्का.
एवढ्यासाठी आले होय मी, म्हणाल्या,
गॉगल ओढणीनं पुसला
आणि सगळ्यांच्या आधी किक मारली.

मग दोन दिवस आम्ही नुसत्या चाकोऱ्या वाचल्या.
हा घसरला इथं. हा उठला.
ह्यानं ओढा टाळला, ह्यानं नाही.
मागचा म्हणून मला सांडलेलं सापडायचं :
एक हातमोजा, डाव्या हाताचा,
आरशाचा तुकडा, त्यात आभाळ,
बिस्किटांचा पुडा, मुंग्यांच्या ताब्यात गेलेला.

रामदुर्गाच्या खाली, बाभळीच्या नसल्यासारख्या सावलीत,
सत्तेचाळीस नंबर बसला होता.
हेल्मेट काढलं तर पोरगं. लडाखचं. स्तांझिन.
प्लग काढायचा, पुसायचा, लावायचा,
परत काढायचा.
मी पिशवी सोडली तसा ओरडला,
हात मत लगाना !
बाहेरची मदत घेतली की बाद.
सांगणंसुद्धा चालत नाही.

मला आवाजावरनंच कळलं होतं. प्लग नव्हे. जेट.
तोंडापर्यंत आलेला शब्द गिळणं
किती अवघड असतं ते मिस्त्रीला विचारा.

मी त्याच्यासमोर माझी गाडी लावली,
जिला काहीसुद्धा झालं नव्हतं,
आणि मांडी घालून तिचा कार्बोरेटर उघडला.
वाटी काढली. जेट काढला.
उन्हाकडं धरून एक डोळा मिटला. फुंकलं.
डॉक्टर म्हणाले, अहो, तुमची तर...
सुभेदारांनी तो हात काढला, वळणावरचा.
डॉक्टर गप्प.

पोरगं माझ्याकडं बघत नव्हतं.
इतकं बघत नव्हतं की काय सांगू.
थोड्या वेळानं त्यानं प्लग बाजूला ठेवला
आणि त्याची वाटी उघडली.

तिसऱ्या किकला लागली.
गेला. आभार मानले नाहीत,
मानले असते तर पुरावा झाला असता.

सगळे निघाले. मी सामान भरलं, किक मारली.
परत मारली.
बिनदुखण्याच्या गाडीच्या पोटात
मी माझ्या हातानं रामदुर्गाचा धुरळा भरला होता.
पुढचा आवाज टेकाडापलीकडं गेला, मग तोही नाही.

मागनं मेंढरं आली.
माझ्या मागंही कोणी असतं
हे चार वर्षांत ध्यानातच आलं नव्हतं.
कुरुबाचा पोरगा काठी टेकून उभा राहिला,
एन आतरी, म्हणाला. मग गाडी बघून,
कै हच्चलेनरी ?
हात लावू का, विचारत होता. ढकलायला.

हच्च की मर्दा, म्हटलं,
मी काय रेसमध्ये हाय ?