जोडणे, वीस रुपये

शहापुरात गल्लीच्या तोंडाला माझं दुकान.
एक झेरॉक्स, एक लॅमिनेशन,
एक कॉम्प्युटर, पतसंस्था बुडाली तेव्हा लिलावात घेतलेला.
विंडोज त्याला पेलवेना,
भाच्यानं लिनक्स घातलं.
तेव्हापासून गुमान चालतो,
नुसता सुरू होताना जरा खाकरतो.

सटुप्पा धामणेकर आले, तेलकट पिशवी घेऊन.
चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस;
कागदसुद्धा सूत पारखावं तसा
दोन बोटांत धरून बघतो.
पेन्शनच्या अर्जाला एकच फाईल लागते,
दोन एमबीच्या आत.
घराचा उतारा कन्नड, शाळेचा दाखला मराठी,
आधारवर धामणेकरांचे दमणेकर झालेले.

ब्राउझर उघडला. सगळी पानं ओढून टाकली.
"हे आता बेंगळूरला जाऊलंय काय रे?"
"न्हाई वो मामा, इथल्या इथंच जोडतंय."
पटलं नाही. मान हलली, डोळे नाही.
मग मी नेटची वायरच उपटली
आणि दिली त्यांच्या हातात.
धरा.

वायर त्यांच्या मुठीत,
आणि पानं एकाला एक लागत गेली,
उलटं आलेलं पासबुक मी सुलटं केलं,
झाली एक पीडीएफ.
ते वाकून बघत राहिले.
"सांधा दिसत न्हाई की."

दोन पूर्णांक एक.
वर सरकवून, खाली सरकवून बघितलं.
सोसायटीच्या पावतीची पाठ चुकून स्कॅन झालेली,
तिच्यावर पेन्सिलीनं :
बाबीन सहा. दूध एकवीस. चष्म्याची काडी.
"हे लागत न्हाई, काढू?"
"काढ," म्हणाले.
थोड्या वेळानं म्हणाले, "तिचं अक्षर."

एक पूर्णांक नऊ.
वायर परत लावली, अर्ज गेला,
पावतीचा नंबर पाटीवर लिहावा तसा
मोठा लिहून दिला.

वीस रुपये मोजून ठेवले. उठले नाहीत.
"त्ये काढलेलं पान
कुठं गेलं म्हणायचं?"

माझ्या फळ्यावर दर आहेत, दोन्ही भाषांत :
जोडणे, छापणे, रंगीत, साधे.
काढलेल्या पानाचा नाही.
मी प्रिंटरला कागद लावला.
त्यांनी तो शाई वाळायच्या आधीच उचलला,
आणि आडवा धरून,
उजेडाकडं करून,
वीण बघितली.