सहावं पान

वडशाच्या ऑनलाइन सेंटरात स्विटीनं कागद काढले.
आठ पानं, ऐंशी रुपये.
"घ्या काका, हे तुम्ही."

नाटक कंपनीला नवा मिक्सर घ्यायचा आहे.
जुना आता खलनायकाच्याही आधी खोकतो.
बँकेतला साहेब म्हणाला, अगोदर तुमचा रिपोर्ट आणा.
मला वाटलं, छातीचा.

पहिल्याच पानावर मी तीन जण निघालो:
मुरलीधर निकुरे, मुरलीधर निकोरे, एम. डी. निकुरे.
जन्म एक जूनचा, मास्तरानं अंदाजानं लिहिलेला.
एक मोबाइल नंबर, जो ब्रह्मपुरीच्या बसमध्ये हरवला,
इथं मात्र शाबूत.

"आणि हे चौकोन?"
"महिने आहेत काका. शून्य म्हणजे हप्ता वेळेवर.
अठ्ठावीस म्हणजे तितके दिवस उशीर."
जनरेटरच्या ओळीत दर पावसाळ्यात आकडे फुगलेले.
खरं आहे. आमचं नाटक दिवाळी ते होळी,
हप्ता मात्र बाराही महिने पहिल्या रांगेत बसतो.

खाली चौकशा. तिघा फायनान्सवाल्यांनी केलेल्या.
लग्नाआधी मामेसासऱ्यानं गावभर केली, ती नाही यात.
पानठेल्याची उधारी नाही.
वीस वर्षं विंगेत बसून
दुसऱ्यांची विसरलेली वाक्यं पुरवली,
त्याचाही रकाना नाही.

सहाव्या पानावर स्विटी अडली.
"हे घरकर्ज तुमचं नाही. तुम्ही जामीनदार."

बेबीनंदा.
आमची हिरॉईन. दोन खोल्यांसाठी फिरली,
नाटकातल्या बाईला जामीन कोण राहणार?
मेकअपच्या बल्बखाली मी सही केली होती.
पुढच्या हंगामात ती आलीच नाही.
कोणी म्हणे गोंदियाला, कोणी म्हणे मेली,
बायको म्हणे, बुडवलं तुम्हाले.
ती महिनाभर बोलली नाही माझ्याशी.

आणि इथं सात वर्षांचे चौकोन.
एका वर्षी चार फुल्या.
"फुल्या म्हणजे?"
"तेव्हाचं काही कळवलं नाही त्यांनी."
ते वर्ष आठवलं. पडदेच उघडले नव्हते कुठं.
मग पुन्हा शून्य.

"गेल्या महिन्यात?"
"शून्य."
"पुन्हा वाच बाई. पहिल्यापासून."
ती वाचत गेली, शून्य, शून्य, शून्य,
मी डोळे मिटून ऐकत होतो
ओळखीच्या आवाजातलं भाषण ऐकावं तसा.

मागं रांगेत, राशनकार्ड हातात धरलेली बाई
शेजारणीच्या कानाला लागली:
"बिचाऱ्यापाशी काईच नाई रायलं वाट्टे."