चार्ज देताना

सांतेरी, बस. आधी किल्ल्या घे:
औषधांचं कपाट, चादरींची खोली, आणि ही छोटी,
कशाची आहे ते एकोणीस वर्षांत मला कळलेलं नाही.

बावीस खाटा. सतरा जणी, दोघे पुरुष.
त्यातल्या सहा जणी विमानाने आल्या.
कागदोपत्री त्या ‘भरती, दुसरा टप्पा’.
तू तसं म्हणू नकोस.

चेबेटला सलग तिसरी रात्रपाळी लावू नकोस.
ती नाही म्हणणार नाही.
तिथेच तर आपण फसतो,
नाही न म्हणणाऱ्याला ‘समाधानी’च्या रकान्यात टाकून मोकळे होतो.
दर गुरुवारी पावणेचारला
तिचा मुलगा एल्डोरेटमध्ये शाळेतून घरी येतो
आणि फोनवरून तिच्याकडून भागाकार सोडवून घेतो.
त्या वीस मिनिटांत कुणाचं बेडपॅन भरलं, तर तू उचल.
मी उचललंय. हात झिजत नाहीत.

मिलाग्रोसला बूट दिलेत, उणे तिसात चालणारे.
सगळ्यांनाच दिले. खोली दिली, बसचा पास दिला,
पहिल्या दिवशी केक, त्यावर साखरेचा निळा-पांढरा झेंडा,
आणि वाटलं, झालं. आता राहतील.

ही फाइल बघ. पातळ आहे.
लिवायवाय. मागच्या एप्रिलमध्ये नॉर्वेला गेली.

नाव लांब पडत होतं, म्हणून बिल्ल्यावर आपण छापलं: लीवी.
प्रेमाने रे, अगदी प्रेमाने.
आपल्या भाषेत लीवी म्हणजे बिनबाह्यांचं जाकीट.
आठ महिन्यांत ती शब्दकोशात ‘ल’पर्यंत पोचलीच असणार.
बोलली नाही काही.
तिच्याकडे त्या नावाचा अर्थ पहाट,
हे मला ती गेल्यावर मिलाग्रोसने सांगितलं,
ताटं धुता धुता, माझ्याकडे न बघता.

इलोइलोच्या ऑपरेशन थिएटरात अकरा वर्षं उभी राहिलेली बाई.
इथे परवाना येईपर्यंत मदतनीस:
चादरी बदल, ताटं उचल, म्हाताऱ्यांचे केस विंचर.
अकरा वर्षं तिच्या बोटांत होती
आणि साधा ताप बघायला आपण तिच्या शेजारी
तेवीस वर्षांचा साक्षीदार उभा करायचो.

फेब्रुवारीतली एक रात्र. ड्यूटीवर मी.
ती दारात आली. म्हणाली,
“खाट नऊ. आजोबाला बरोबर नाहीत.”
विभक्ती चुकली होती.
आणि मी,
हे फाइलमध्ये नाही, म्हणून सांगते,
मी विभक्ती दुरुस्त केली.
हसून, शिकवायच्या सुरात.
तिने वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी शुद्ध.
मी ‘शाब्बास’ म्हटलं
आणि हातातला तक्ता पुरा करून
चाळीस मिनिटांनी खाट नऊकडे गेले.

रक्तात विष पसरत होतं.

आजोबा वाचले. हो, वाचले.
त्यांच्या मुलीने मला चॉकलेटचा डबा आणून दिला.
मी तो चहाच्या खोलीत उघडून ठेवला.
लिवायवायने त्यातलं एक घेतलं
आणि आभार मानले. माझे.

जाताना फॉर्म असतो. सोडण्याचं कारण, पाच चौकोन:
पगार, घर, कुटुंब, हवामान, इतर.
‘इतर’पुढे लिहायला जागा दीड ओळीची.
तिने हवामानावर खूण केली.
वरच्या ऑफिसने त्याचा अहवाल केला
आणि उरलेल्या पाच जणींना लोकरीचे मोजे वाटले.
चांगले आहेत मोजे. मीही वापरते.

बरं.
पाळ्यांचा तक्ता पेन्सिलीने लिही, खोडता आला पाहिजे.
नावं पूर्ण लिही. बिल्ला छोटा असेल तर बिल्ला मोठा मागव.
कुणी दारात येऊन अडखळत काही सांगू लागली
तर आधी उठ.
वाक्य चालता चालता ऐक.

खाट सातचं सलाइन साडेदहाला संपेल.