पाटीखालचा रंग

ओम्नी दुकानात आली तेव्हा तिची सीट
सुकलेल्या बोंबलाच्या पाठीसारखी झाली होती.
चौदा वर्षं हर्णैच्या बंदरावर
लिलाव संपेपर्यंत वाळूत उभी,
आणि तिथलं ऊन एकदा वरून येतं,
एकदा पाण्यावरून.

हरेश चोगले म्हणाला, शफीभाय, रेक्झिन नको,
रेक्झिनवरून आई घसरते.
हाच कपडा रंगवून दे. होता तसा.

होता तसा म्हणजे कसा, ते त्याला सांगता येईना.
निळा, म्हणाला.
चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, जांभळा असेल.

बोल्ट गंजलेले, रॉकेलमध्ये रात्रभर भिजवले.
सीट उचलली तर खाली
बर्फाच्या कारखान्याच्या पावत्या, वाळू,
जिताड्याचा एक खवला, अंगठ्याच्या नखाएवढा,
अजून चमकणारा.
आणि मागच्या सीटवर, डाव्या कोपऱ्यात,
एक गोल.

बाजार आटोपला की भागीरथीबाई
पाटी धुऊन तिथं पालथी घालते,
दुसऱ्या पहाटेपर्यंत.
तेवढ्याच जागेला ऊन लागलेलं नाही.
जांभळावरची धूळ बोटानं पुसावी
तसा रंग होता तो.
मी दार उघडं ठेवून बराच वेळ बघत बसलो.
गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या ये म्हटलं.

आधी धुणं. रिठा, मग व्हिनेगर, मग नुसतं पाणी.
मीठ तीनदा जातं आणि चौथ्यांदा
वाळताना पांढरं होऊन वर येतं.
आमच्याकडं घाई करणाऱ्यानं हा धंदा करू नये.
मी केली होती एकदा, आंजर्ल्याच्या एका लग्नाच्या गाडीला.
नवरदेव पांढऱ्या सलवारीत उतरला
आणि मांडवात पाठमोरा झाला.
ते फोटो अजून त्यांच्या घरात आहेत,
मी त्या गल्लीतून जात नाही.

तर आठ दिवस वाळवलं. ऑक्टोबरचं ऊन,
तरी हाताला दमट लागायचं.
सीटच्या पाठीमागं, जिथं कुणी बघत नाही,
तिथं पाच ठिपके लावले. चौथा जमला.

लोकांना वाटतं रंग झाकतो.
भिंतीवर झाकत असेल. कपड्यावर
तो होतं त्यात फक्त भर घालतो.
गोलावरही लावला असता
तर गोल आणखी काळा झाला असता,
म्हणून त्याच्या कडेला कडेला आलो,
स्पंजनं, लवेच्या दिशेनं,
जसं मांजर स्वतःला चाटतं.
पहिला हात. दुसरा.
तिसऱ्या हाताला गोल दिसेना.
दिवा तिरका धरला, तरी दिसेना.
मग तळवा फिरवला आणि सापडला:
तिथली लव अजून उभी होती,
बाकीची उन्हानं बसलेली.

न्यायला आई स्वतः आली.
हरेशनं सीटवर प्लॅस्टिक अंथरलं होतं,
तिनं ते घडी करून त्याच्याच हातात दिलं.
पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं,
सीटवर जोर लावून घासलं, उजेडात नेऊन पाहिलं.
काही लागलं नव्हतं.
बरं, म्हणाली. पैशांत दोनशे कमी केले
आणि पिशवीतली चार बांगडे माझ्या टेबलावर ठेवले,
रंगाच्या डब्यांशेजारी, कागद न घालता.

पाटी ठेवू नको ना गं आता तिथं, हरेश म्हणाला.

ठेवणार. अजून चौदा वर्षांनी
ह्याला रंग कोण सांगणार? तू?

आणि पाटी पालथी घातली.
जुन्या जागेपासून
दोन बोटं उजवीकडं.
मी बोललो नाही.