शाळा सोडल्याचे कारण

दाखल्याच्या पुस्तकातला कार्बन पार झिजलाय,
म्हणून पेन दाबून लिहिते:
दुर्वेश उमाकांत कुबल.
जन्मतारीख अंकी, मग अक्षरी.
प्रगती चांगली. वर्तणूक चांगली.
फळ्यामागे त्याने जिवंत कुर्ली सोडली होती श्रावणात,
पण त्याला रकाना नाही.

मग येतो तो रकाना.
शाळा सोडल्याचे कारण.

उंबऱ्यावर त्याचा बाप बसलाय,
मुलाखतीसाठी घेतलेले बूट हातात धरून;
पुळणीतून येताना घालवत नाहीत म्हणतो.
"बाई, माझीव परीक्षा घेतल्यानी.
इचारल्यानी, आयतवारी झिलावांगडा काय करतास?
मी म्हटलंय, जाळी तुणतंव.
सगळे हसले.
आता हसले म्हणजे पास की नापास,
ता माका रातभर समाजला नाय."

पास.
घाटावरच्या त्या शाळेत चाळीस जागा,
अर्ज एकवीसशे.
अर्जाचेच पंधराशे रुपये, ते परत मिळत नाहीत.
लाँचमधला चार आण्यांचा वाटा विकला उमाकांतने.
"हय रवान तो काय करतलो?" एवढंच म्हणाला,
आणि मग माझ्याकडे बघून जीभ चावली.

मी काही बोलले नाही.
जानेवारीपासून रोज पाचनंतर
याच पायरीवर मीच बसवलं ना त्याला,
आगगाडी आणि पुलाची लांबी शिकवत.
"बाई, गाडी पुलावर बंद पडली तर?"
तसं विचारत नाहीत परीक्षेत, मी म्हटलं.
आता वाटतं, तेच विचारायला हवं.

आमचा पट दहाचा.
उद्यापासून नऊ.
केंद्रप्रमुखांचा फोन येऊन गेला:
दहाच्या खाली गेलात की समायोजन, मॅडम.
किती गुळगुळीत शब्द आहे,
ओल्या कातळावरच्या शेवाळासारखा.
समायोजन म्हणजे खाडीपलीकडची शाळा,
आणि जून ते सप्टेंबर तर बंद.
तौसीफ मुकादमची धाकटी बहीण पहिलीत आहे.
ती तरीत उभी राहिली तर काठाच्या वर फक्त रिबीन दिसते.

इथे काय वाईट आहे, कोणी सांगेल मला?
गळत नाही. भिंती गेल्या वर्षी रंगवल्या.
डाळीत डाळ असते.
सातवीची मुलं पहिलीच्यांना वाचायला शिकवतात,
त्यात दोघंही शिकतात.
हे मी पालकसभेत सांगितलं होतं.
चौघे आले होते. चौघांनीही मान हलवली,
आणि दोघांनी जाताना विचारलं,
बाई, त्या घाटावरल्या शाळेचो फॉर्म कधी निघता?

आता उरलेलंही सांगते.
तो फॉर्म मीही भरला होता.
शमिकाचा. माझ्या मुलीचा.
त्याच पायरीवर, त्याच गणितांवर,
दुर्वेशचं उत्तर आलं, तिचं एका शून्याने चुकलं.
प्रतीक्षा यादी, क्रमांक एकसष्ठ.
कागद हजेरीपटाखाली ठेवलाय.
रोज रात्री दहाला फोन उघडून बघते,
एकसष्ठचे अजून एकसष्ठच.
म्हणजे उरलेल्या नवांत ती आहे,
आणि नवांचे आठ झाले तर मला आनंद होईल.

हे कुठल्या रकान्यात लिहू?

"लिव्हलास काय, बाई?"
लिहिते. पालकांच्या विनंतीवरून.
सही. शिक्का. शिक्क्याची शाई दोनदा फुंकली.
पान फाडून दिलं, तर
शाळेकडे राहिलेल्या प्रतीत
नावापुरता कार्बन उठलाय जेमतेम.
कारणाच्या जागी नुसता पेनाचा दाब,
तिरका धरला कागद तरच वाचता येतो.

दुर्वेश बाहेर घंटेपाशी उभा.
आमची घंटा म्हणजे लाँचच्या तुटक्या पंख्याचं एक पातं;
त्याच्याच बापाने आणून टांगलेलं.
शमिकाला तो लोखंडी गज देऊन शिकवतोय,
मध्ये नाय मारूचा, कडेक मार.
तिचा हात पोचत नाही.
तो आत येतो, मला न विचारता
माझ्याच टेबलाखालचं स्टूल उचलून घेऊन जातो.