बाहत्तर घरं

फोनवर अनफीसा तब्येतीचं आधी बोलतच नाही.
"किती आल्या?" एवढंच.
मी चष्मा लावतो, ट्रेवर वाकतो, बोटाने मोजतो.
बाहत्तर घरांत एकोणतीस.
"कुठल्या बाजूच्या?"
शेगडीकडच्या.
"मग फिरवत जा ना रोज. होडी आहे का ती,
नांगर टाकून बसायला?"

जन्म गेला माझा पेइपसी सरोवरावर.
बर्फाला भोक पाडून जाळं सोडायचं,
मासा येतो, नाहीतर येत नाही.
हे असलं कधी पाहिलं नव्हतं:
एका पाकिटातली, एका संध्याकाळी,
एकाच चमच्याने पेरलेली मिरची,
आणि एक दोन पानं काढून काचेकडे मान ताणते,
लगतच्या घरात नुसती काळी माती,
आतून कडी लावल्यासारखी.

शेजारची तीयू दूध द्यायला आली, बघून म्हणाली,
"मार्केल, बारा दिवस झाले. उरलेल्यांचा नाद सोड,
दुबार पेर."
ती गेली, आणि मला राहवलं नाही.
जाळं विणायच्या सुईने
तिसऱ्या ओळीतलं पाचवं घर उकरलं,
अगदी हलक्या हाताने.

बी फुटलेलं होतं.
पांढराफटक कोंब, गळासारखा वाकलेला,
डोक्यावर टरफलाची टोपी तशीच,
वर यायच्या बेतात होता.
सुईच्या टोकाशी त्याचे दोन तुकडे झाले.

माती लोटली. वर पाणी शिंपडलं,
जणू पाण्याने काही होणार होतं.

रात्री फोन. "आता?"
तेहेतीस.
"बाकीच्या?"
मी गप्प.
मग तार्तूच्या त्या वॉर्डातून
तीच म्हणाली, दम खात, थोडी ओशाळून:
"त्या पाकिटात तीन सालांचं बी आहे.
जुनं टाकवेना, म्हणून नव्यात मिसळलं.
म्हाताऱ्या बियांना वेळ लागतो रे.
उकरू मात्र नकोस."
छे, म्हटलं, उकरतोय कशाला.

आज छत्तीस.
सरोवर अजून गोठलेलंच, पण काठाशी
बर्फ काळा पडलाय, पाय ठेवू नये असा.
सहाव्या ओळीत एके ठिकाणी माती
तांदळाएवढी उचलल्यासारखी वाटते;
ते मी अजून धरलेलं नाही.
तिसऱ्या ओळीतल्या पाचव्यालाही
पाणी घालतो, इतरांएवढंच.
मोजताना बोट तिथे जरा अडतं.
मग सहावं घर.